ठकूबाईच्या सुपातले खडे

एका बाजारपेठेच्या गावात धान्याचा एक मोठा व्यापारी राहत होता. त्याचं नाव धोंडूशेट. त्याच्याआधी त्याच्या आईला तीन मुलं झाली होती आणि तिन्ही दगावली होती. म्हणून चौथ्याचं नाव तिने धोंडू ठेवलं. दगडावर यमाची नजर जात नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. धोंडू जगला. पण मरणाची भीती मात्र त्या घरात कायमची राहायला आली.

त्याच्या आईचं नाव ठकूबाई. नवरा लवकर गेला. मग तिने चाळीस वर्षं भडभुंज्याची भट्टी चालवली. तापलेल्या वाळूत चुरमुरे फुलवायचे, फुटाणे भाजायचे, चाळणीने वाळू झाडायची आणि टोपली घेऊन बाजारात बसायचं. त्यावर तिने धोंडूला वाढवलं आणि शहाणं केलं. धोंडूने धान्याचं दुकान काढलं. दुकानाचं गोदाम झालं आणि धोंडूचा धोंडूशेट झाला.

आई सत्तरीची झाली, त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने भट्टी विझवली. आईला घरात आणलं, गादीवर बसवलं आणि पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "आई, खूप केलंस. आता तू फक्त बस."

तो मनापासून बोलला होता. त्याने शब्द पाळलाही. ठकूबाईने पाण्याचा तांब्या उचलला की कुणीतरी धावत येऊन हातातून घ्यायचं. ती स्वयंपाकघराकडे वळली की सून अनसाबाई म्हणायची, "आत्याबाई, तुम्ही बसा ना." देवाची फुलं गडी आणायचा. नातवाच्या लग्नातसुद्धा तिला मांडवात पाटावर बसवून ठेवलं आणि जो येईल त्याला तिच्या पाया पडायला लावलं. घरात काही भांडण झालं, दुखणं आलं, नुकसान झालं, तर धोंडूशेट सगळ्यांना दटावायचा, "आईच्या कानावर जाऊ देऊ नका. तिला त्रास नको." गोदाम घराच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं. तिथे धान्य निवडणाऱ्या बायकांनाही ताकीद होती की आवाज करायचा नाही, पलीकडे आईसाहेब आहेत.

जेवणाचं तर विचारूच नका. सकाळी साजूक तुपातला शिरा, दुपारी पुरणपोळी नाहीतर श्रीखंड, झोपताना केशर घातलेलं आटीव दूध. एवढं खाऊन जागचं हलायचं नाही. एखादा पैलवानही वर्षभरात आजारी पडला असता.

सहा वर्षं अशी गेली. ठकूबाई शहात्तर वर्षांची झाली. तिचे पाय सुजू लागले. भूक गेली. पूर्वी बाजारात ओरडून फुटाणे विकणारी बाई आता तिसऱ्यांदा हाक मारल्यावर हुं म्हणायची. वैद्य आले, नाडी पाहून गेले, काढे देऊन गेले. गुण येईना. आई आपल्या हातातून चालली आहे, हे धोंडूशेटला दिसत होतं. त्याला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

अशात त्याच्या कानावर एक गोष्ट आली. घाटमाथ्यावर कारवीच्या रानात कारवंड नावाची एक वाडी होती. पंचवीस-तीस घरं. तिथली माणसं शंभरी ओलांडतात आणि ओलांडल्यावरही डोंगर चढतात, असं बैलांचे व्यापारी सांगत होते. धोंडूशेटने लगेच आपल्या गुमास्त्याला, भिकाजीला, वर पाठवलं. म्हणाला, "ती माणसं काय खातात, किती खातात, कधी खातात, सगळं लिहून आण. एक अक्षर सोडू नकोस."

भिकाजी दोन दिवस राहिला आणि कागद भरून घेऊन आला. सकाळी नाचणीची आंबील. दुपारी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, रानातली पालेभाजी, लसणाची चटणी आणि ताक. संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. तूप आणि गूळ सणावारी. दोन भाकरींची भूक असली तर दीड खायची आणि अर्ध्या भाकरीची भूक पोटात ठेवून उठायचं. दिवसभर चढउतार. अंधार पडला की झोप.

धोंडूशेटला हर्ष झाला. त्याने शिरा बंद केला, आटीव दूध बंद केलं. कारवंडची नाचणी मागवली, कुळीथ मागवले, तिथल्या झऱ्याचं पाणी तांब्याच्या हंड्यांतून आणवलं. भाकरी दीड म्हणजे दीडच, तीही तराजूत जोखून. चालण्यासाठी अंगणात फेऱ्या सुरू झाल्या. दोन मोलकरणी ठकूबाईचे दोन दंड धरून तिला असं फिरवायच्या की बघणाऱ्याला वाटावं, चोर पकडून चावडीवर नेत आहेत.

नाचणीची भाकरी ठकूबाईला आवडली. पायांची सूजही थोडी उतरली. पण महिना गेला आणि ताटातली भाकरी पुन्हा ताटातच राहू लागली. दीडची एक झाली, एकीची अर्धी झाली. ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि खिडकीबाहेर काय आहे हे विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

"तू काहीतरी लिहायचं विसरलास," धोंडूशेट भिकाजीवर संतापला. "मी स्वतःच जातो."

तीन दिवसांची वाट होती. तो सकाळच्या वेळी कारवंडला पोचला. वाडीच्या वरच्या अंगाला झरा होता. तिथे बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, पण पाण्याला कुणी हात लावत नव्हतं. एक म्हातारा गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरून, वाकून, रात्रभरात पडलेली पानं काढत होता. पानं काढून झाली की तळाचा गाळ ओंजळीने बाहेर टाकायचा, मग थोडा थांबायचा, पाणी निवळू द्यायचा. त्याचं नाव सोमा आजा. वाडीत सगळ्यांत म्हातारा तोच.

"आजोबा, वय काय तुमचं?" धोंडूशेटने विचारलं.

"त्ये मोजाया सवड कुनाला हाय?" सोमा आजा वर न बघताच म्हणाला.

बायकांनी सांगितलं, शंभरावर तीन तरी असतील.

इतक्यात झऱ्याच्या काठचा एक धोंडा सरकून पाण्यात आला. म्हातारा तो दोन्ही हातांनी ढकलू लागला. धोंडूशेटला ते बघवेना. तो चपला काढून पुढे धावला आणि सवयीने बोलून गेला, "आजोबा, तुम्ही बसा. मी करतो."

एका बाईने कपाळाला हात लावला. सोमा आज्याची ऐंशी वर्षांची लेक राही तिथेच घागर घेऊन उभी होती. ती रागाने म्हणाली, "पाव्हणं, जीभ सांभाळा!"

"माझं काय चुकलं?"

"आमच्यात मानूस गेला की म्हंत्यात, बसला. जित्या मानसाला कुनी बसा म्हनतं व्हय? दमला आसंल तर म्हनावं, टेका जरा. टेकल्यालं मानूस पुन्यांदा उठतंय."

धोंडूशेटने कान धरले आणि माफी मागितली. धोंडा म्हाताऱ्यानेच हलवला. त्याला बराच वेळ लागला, पण घाई कुणालाच नव्हती. मग त्याने हात वर केला आणि बायकांनी घागरी बुडवल्या. सोमा आजा काठावर येऊन दगडाला पाठ टेकून उभा राहिला. धोंडूशेटने त्याला सगळं सांगितलं. आईचं दुखणं, नाचणी, कुळीथ, जोखलेली भाकरी, हंड्यातलं पाणी.

"खानं बराबर हाय," म्हातारा म्हणाला. "आमी बी त्येच खातो. पर मला सांगा शेट, तुमच्या आईवाचून तुमच्या घरात काय आडतं?"

"काही नाही," धोंडूशेट अभिमानाने म्हणाला. "मी तिच्यावाचून काही अडूच देत नाही."

सोमा आज्याने झऱ्याकडे बोट केलं. "ह्यो गाळ मी न्हाई काढला तर समदी वाडी गढूळ पानी पिंल. म्हून मी सकाळच्या पारी उठतो. तुमची माय कशापायी उठंल?"

धोंडूशेट उतरणीला लागला तेव्हा त्याच्या पायांत नवं बळ होतं. त्याला वाटलं, गुपित सापडलं. आईला काम हवं आहे. एवढंच ना? मग आईला काम देऊ. शेट हुशार होता, पण ही हुशारी दुकानातली होती. गिऱ्हाईक मागेल ते आपल्याकडे नसेल, तर त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काहीतरी पुढे करायचं.

कारण खरं काम आईला द्यायला त्याचं मन धजेना. भट्टी? भाजेल. स्वयंपाक? घसरून पडेल. दुकान? लोक नावं ठेवतील. शेवटी त्याला तांदूळ आठवले. बसल्या जागी तांदूळ निवडण्यात कसला धोका? पण त्याच्या घरात येणारे तांदूळ गोदामातून निवडूनच येत. त्यांत खडा औषधालाही सापडत नसे. मग त्याने अनसाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "नदीवरून मूठभर बारीक खडे आण. रोज सकाळी चार शेर तांदळात मिसळ आणि आईपुढे ठेव. म्हणावं, माणसं कमी पडतात, तांदूळ निवडायचे राहिलेत."

अनसाबाईने तसं केलं. ठकूबाईपुढे सूप आलं. तिने सुपाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

"मी निवडू?"

"हो आत्याबाई. अडलंय बघा."

ठकूबाईने पदर खोचला. काय सांगावं! जिला उठवायला दोन मोलकरणी लागत होत्या ती भिंतीला धरून एकटी दाराशी आली, कारण तिथे उजेड चांगला होता. तिने सूप असं पाखडलं की अनसाबाई बघत राहिली. त्या दिवशी तिने दीड भाकरी खाल्ली आणि वर ताक मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने भल्या सकाळीच हाक मारली, "अगं, तांदूळ आणतेस ना? घरात माणसं जेवायची थांबतील." चार दिवसांत तिच्या गालांवर रंग आला. धोंडूशेटने देवापुढे नारळ फोडला.

नववा दिवस उजाडला. ठकूबाई सूप घेऊन दाराशी होती. तिने एक खडा चिमटीत धरला आणि उजेडात केला. तांबूस, गव्हाच्या आकाराचा, मधून एक पांढरी रेघ. हा खडा तिने काल काढला होता. परवाही काढला होता. चाळीस वर्षं वाळूतून चुरमुरे चाळलेल्या बाईला खडा ओळखता येणार नाही, असं त्या शहाण्या लेकाला वाटलंच कसं, देव जाणे. अनसाबाईचाही दोष नव्हता. रोज नदीवर कोण जाणार? ती वाटीतले तेच खडे पुन्हा तांदळात टाकत होती.

ठकूबाईने आरडाओरडा केला नाही. उरलेले तांदूळ शेवटच्या दाण्यापर्यंत निवडले. मग धोंडूशेटला बोलावलं आणि तो खडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"धोंडू, हा ओळखतोस?"

शेटची मान खाली गेली.

"मी म्हटलं, मी आहे म्हणून घरात चार माणसं बिनखड्याचा भात खातात. आणि खडे तूच टाकत होतास!"

"आई, तुझ्या जिवासाठी केलं."

"लहान पोराला खेळायला भातुकली देतात, तशी मला दिलीस. अरे, गादीवर बसवलंस तेव्हा मी रिकामी होते. आज तू मला वेडी ठरवलंस."

ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दोन घोट पाणी घेतलं. वैद्यबुवांनी नाडी बराच वेळ धरली आणि बाहेर येऊन सांगितलं, "शेट, नाडी क्षीण झाली आहे. माझ्या पोतडीत आता काही नाही. जवळ बसा."

धोंडूशेट आईच्या उशाशी बसला. दुपार होती. इतका मोठा शेट, पण त्या घटकेला त्याला आपण पाच वर्षांचे असल्यासारखं वाटत होतं.

"आई, मी चुकलो," तो म्हणाला. "मला फार भीती वाटते गं. तू गेलीस तर माझं काय होईल? म्हणून तुला कुठे हलूच दिलं नाही."

ठकूबाईने डोळे उघडले. "मला मरायची भीती नाही रे. तीन लेकरं पुरली, नवरा जाळला. मरण मला नवं नाही. मला या उगाच जगण्याची भीती वाटते."



तेवढ्यात मागच्या बाजूला एकच गलका उठला. बायकांचा आक्रोश आणि भिकाजीचं ओरडणं, "वैद्यांना थांबवा! वैद्य कुठे गेले?" दार धाडकन उघडलं आणि धान्य निवडणारी गजरा सगळ्या ताकिदी विसरून आत आली. तिच्या हातात दहा महिन्यांची मुलगी होती. पोरीचं तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. ओठ निळे पडत चालले होते.

"शेट, हरभरा गिळला! पोत्यापाशी रांगत होती, हरभरा गिळला!" गजरा हंबरडा फोडत होती. तिला पोरीला उभं धरावं की आडवं, काही सुचत नव्हतं.

धोंडूशेट उठला आणि जागच्या जागी थिजला. त्याला काही येत नव्हतं. आणि मग त्याने पाहिलं, आई उठत होती. तिने पाय जमिनीवर टेकले होते. तीन दिवस अन्नाचा कण पोटात नाही. दाराशी गजरा होती आणि मध्ये सहा-सात पावलांचं अंतर होतं.

"आई, तू ब..." एवढं त्याच्या तोंडून गेलं आणि त्याने जीभ दाताखाली धरली. आई पडेल. पडली तर पुन्हा उठणार नाही. त्याचे हात तिला धरायला पुढे गेले होते. ते त्याने मागे घेतले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले. आयुष्यात त्याने एवढं अवघड काम केलं नव्हतं.

ठकूबाई भिंतीच्या आधाराने चार पावलं आली, शेवटची दोन आधाराशिवाय आली. "दे इकडं," ती म्हणाली. तिने पोरीला आपल्या हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं, आणि मनगटाजवळच्या तळहाताने तिच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये थाप मारली. एक. दोन. तीन. काही झालं नाही. गजराने डोळे मिटून घेतले. चौथी थाप बसली आणि हरभऱ्याचा दाणा टपकन फरशीवर पडला. पोरीने असा टाहो फोडला की गोदामातल्या सगळ्या बायका रडायला लागल्या.

गजरा ठकूबाईच्या पायांवर कोसळली. ठकूबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, जरा टेक," धोंडूशेट हळूच म्हणाला.

ती दाराच्या चौकटीला टेकली. श्वास लागला होता, पण डोळे लख्ख उघडे होते. असे डोळे धोंडूशेटने सहा वर्षांत पाहिले नव्हते.

"गोदामात अशी पोरं किती आहेत?" तिने विचारलं.

"नऊ," गजरा म्हणाली.

"आणि त्यांना बघतं कोण?"

बघणारं कुणीच नव्हतं. नऊ पोरं पोत्यांमध्ये, धुळीत, भुसकटात लोळत होती आणि त्यांच्या आया पाठ फिरवून धान्य निवडत होत्या.

"माझ्या भिंतीच्या पलीकडे?" ठकूबाई लेकाकडे वळली. "सहा वर्षं?"

"तुला त्रास नको म्हणून..." धोंडूशेट म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली आणि वाटायलाच हवी होती. आईला माणसांची गरज होती, माणसांना आईची गरज होती, आणि मधली भिंत त्याने प्रेमाने राखली होती.

"भाकर आण," ठकूबाई म्हणाली. "मला भूक लागलीय. आणि उद्यापासून ती नऊच्या नऊ माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी पोरं आली. धोंडूशेटने अंगणात छप्पर घातलं, पाळणे टांगले. ठकूबाईला पोरांमागे धावणं जमेना, तेव्हा मोठ्या पोरींपैकी दोघी तिने हाताशी घेतल्या आणि आपण बसून नुसते हुकूम सोडले असं मात्र केलं नाही. न्हाऊमाखू घालणं, दात येणाऱ्याला ज्येष्ठमध चोळणं, तापलेल्याच्या कपाळावर पट्टी ठेवणं, आणि दुपारी सगळ्यांसाठी नाचणीची पेज शिजवणं, हे तिने कुणाला करू दिलं नाही. भाकरी जोखायचा तराजू दुकानात परत गेला. ती भुकेपुरती खायची, सूर्य मावळायच्या आत खायची, कारण दिवेलागणीला तिचे डोळे मिटत. जे भिकाजीने कागदावर लिहून आणलं होतं ते सगळं आता आपोआप घडत होतं.

गावात लोक बोललेच. शेटने आईला दाई करून ठेवली, म्हणाले. धोंडूशेटने ऐकून घेतलं. पुढे एकदा ठकूबाई ओल्या फरशीवर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. त्या दिवशी तो फार हादरला. छप्पर मोडून टाकावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण हात गळ्यात बांधून ती दुसऱ्या सकाळी दाराशी उभी राहिली, तेव्हा पहिलं पोर त्यानेच उचलून तिच्या चांगल्या हातावर दिलं.

अशी सतरा वर्षं गेली. गजराची मुलगी मोठी झाली, तिचं लग्नही झालं. छपराखाली आता नवी पोरं होती. ठकूबाई त्र्याण्णव वर्षांची होती.

एके दिवशी दुपारी चुलीवर पेज रटरटत होती. पोरं वाट्या घेऊन ओळीने बसली होती. ठकूबाई खांबाला टेकली होती. धोंडूशेटही आता म्हातारा झाला होता. तो नेहमीप्रमाणे दुकानातून येऊन तिच्याजवळ उभा होता.

"धोंडू, पेज ढवळ बघू," ती म्हणाली. "खाली लागेल."

तो चुलीपाशी गेला. पेज ढवळली, पातेलं उतरवलं आणि मागे वळून म्हणाला, "झालं गं आई." ठकूबाईची मान खांबाला लागून एका बाजूला कलली होती. चेहरा शांत होता. धोंडूशेटला कळलं.

पातेलं टाकून आईकडे धावावं, असं त्याला वाटलं. पण समोर चौदा पोरं होती आणि ती भुकेली होती. सगळ्यांत धाकट्याने वाटी पुढे केली होती.

धोंडूशेटने पळी घेतली. एकेका वाटीत पेज वाढली. गरम होती, म्हणून प्रत्येकाची फुंकर घालून निववली. धाकट्याला मांडीवर घेऊन घास भरवले. त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ओघळत होतं, तरी त्याने हात थांबवला नाही. शेवटच्या पोराचं खाऊन झालं, सगळ्यांची तोंडं पुसून झाली, तेव्हा तो उठला. आईजवळ गेला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठमोठ्याने रडला.

तात्पर्य: साधं आणि बेतानं खाल्लं तर शरीर टिकतं, पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हे ठाऊक असेल तरच माणसाला सकाळी उठावंसं वाटतं. म्हणून ज्यांच्यावर माया आहे त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नये, आणि खोटं काम देऊन त्यांची समजूतही घालू नये.